ऑटोकॅडच्या ब्लॉकमध्ये स्वतःहून बदलणारे क्षेत्रफळ: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या ऑफिसात निवासी इमारतींचे प्लॅन ऑटोकॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरवर होतात आणि प्रत्येक खोलीत तिचे नाव, माप व क्षेत्रफळ दाखवणारा एक ॲट्रिब्यूट ब्लॉक, म्हणजे बदलता मजकूर भरता येणारे तयार चिन्ह, असते. पूर्वी क्षेत्रफळाचा आकडा एरिया कमांडने काढून हाताने टाईप केला जात असे, त्यामुळे प्रत्येक रिव्हिजननंतर सगळे ब्लॉक पुन्हा तपासावे लागत. गेल्या काही महिन्यांपासून हाच आकडा आम्ही फील्डमधून, म्हणजे ड्रॉइंगमधल्या वस्तूच्या गुणधर्माशी जोडलेल्या मजकुरातून, घेतो आहोत. ही सोय ऑटोकॅड २००५ पासून उपलब्ध आहे, तरीही अनेक ऑफिसांत ती वापरली जात नाही, म्हणून इतक्या वापरानंतर तिच्याबद्दल जे मत झाले ते सविस्तर लिहितो.

जोडणी सोपी आहे. खोलीच्या आतल्या कडेने एक बंद पॉलिलाइन (अनेक रेषाखंडांची मिळून एकच रेषा) काढायची, ब्लॉकवर डबल-क्लिक करून ॲट्रिब्यूट एडिटर उघडायचा, क्षेत्रफळाच्या आकड्याच्या जागी राइट-क्लिक करून इन्सर्ट फील्ड निवडायचे, ऑब्जेक्ट म्हणून ती पॉलिलाइन दाखवायची आणि तिच्या गुणधर्मांतून एरिया घ्यायचा. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असल्यामुळे ३००० बाय ३६०० च्या खोलीसाठी १०८००००० असा आकडा समोर येतो. ॲडिशनल फॉरमॅटमध्ये कन्व्हर्शन फॅक्टर ०.०००००१ दिला की तोच १०.८० चौरस मीटर होतो. ग्राहकाला चौरस फूट हवे असतात, त्यासाठी त्याच ब्लॉकमध्ये दुसरा ॲट्रिब्यूट ठेवून त्याला ०.००००१०७६३९ हा फॅक्टर दिला आहे, तिथे ११६.२५ दिसतात. एकाच पॉलिलाइनमधून दोन्ही एकके मिळत असल्याने त्यांच्यात तफावत पडण्याचा प्रश्न उरत नाही, आणि माझ्या मते केवळ एवढ्यासाठीही ही पद्धत स्वीकारावी.

मात्र ‘स्वतःहून’ या शब्दाची मर्यादा समजून घ्यायला हवी. वरच्या खोलीची ३६०० ची बाजू ग्रिप (पॉलिलाइन निवडल्यावर दिसणारे, ओढता येणारे बिंदू) ओढून ३७५० केली, तरी ब्लॉकमध्ये १०.८० च दिसत राहते. रीजेन, म्हणजे ड्रॉइंग पडद्यावर नव्याने तयार करणारी कमांड, दिल्यावर तिथे ११.२५ येते. फील्ड केव्हा ताजे व्हावे हे फील्डइव्हॅल या सिस्टीम व्हेरिएबलवर (ऑटोकॅडच्या अंतर्गत सेटिंगवर) ठरते. त्याची मूळ किंमत ३१ असते, म्हणजे फाइल उघडताना, सेव्ह करताना, प्लॉट काढताना, ई-ट्रान्समिट करताना (फाइल पाठवण्यासाठी बांधताना) आणि रीजेनच्या वेळी आकडे नव्याने मोजले जातात. यातला प्लॉटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पडद्यावर क्षणभर जुना आकडा राहिला तरी कागदावर किंवा पीडीएफमध्ये तो जात नाही. फाइल मोठी होऊन फील्डची संख्या वाढली की प्रत्येक रीजेन जड होतो. अशा वेळी किंमत १५ करावी, म्हणजे रीजेनच्या वेळची मोजणी थांबते, आणि गरजेप्रमाणे अपडेटफील्ड कमांड चालवावी.

खरी काळजी घ्यावी लागते ती वेगळ्याच ठिकाणी. फील्ड पॉलिलाइनचे क्षेत्रफळ सांगते, खोलीचे नव्हे. आमच्या भिंती साध्या रेषांनी काढलेल्या असल्याने भिंत सरकवली तरी पॉलिलाइन जागची हलत नाही, आणि ब्लॉक अत्यंत प्रामाणिकपणे जुनेच क्षेत्रफळ दाखवत राहतो. अशा वेळी पुष्कळ जण सवयीने बंद जागेची हद्द शोधणारी बाउंड्री कमांड देतात. ती कमांड नवी पॉलिलाइन तयार करते, तर फील्डचा दुवा खाली राहिलेल्या जुन्या पॉलिलाइनशीच असतो. म्हणून आमच्याकडे असा नियम केला आहे की हद्द बदलायची असेल तर स्ट्रेच कमांडने भिंतीसह पॉलिलाइनही निवडावी, किंवा तिचेच ग्रिप सरकवावेत. नवी काढू नये. सर्व हद्दी एका वेगळ्या, प्लॉट न होणाऱ्या लेअरवर ठसठशीत रंगात ठेवल्या आहेत, त्यामुळे मागे राहिलेली हद्द चटकन नजरेस पडते.

पॉलिलाइन पुसली किंवा एक्सप्लोड केली (सुट्या रेषांत मोडली), तर ताजे होताना आकड्याच्या जागी #### उमटते. नव्या माणसाला ते पाहून धास्ती वाटते, पण माझ्या दृष्टीने हा या सोयीचा गुण आहे, कारण तुटलेला दुवा लपत नाही. त्याहून धोकादायक म्हणजे दिसायला बरोबर असणारे आकडे. एका बेडरूममधला ब्लॉक एकटाच कॉपी करून शेजारच्या खोलीत ठेवला, की तो मूळ बेडरूमचेच क्षेत्रफळ दाखवतो आणि ते पटण्याजोगेही असते. बंद न केलेल्या पॉलिलाइनचेही क्षेत्रफळ मिळते. तिची दोन टोके सरळ रेषेने जोडली आहेत असे धरून ते काढले जाते. म्हणून फील्ड जोडण्याआधी प्रॉपर्टीजमध्ये क्लोज्डसमोर ‘येस’ आहे ना, हे पाहणे आम्ही सक्तीचे केले आहे.

फील्डमागे दिसणारी राखाडी छटा अनेक जण फील्डडिस्प्ले हे सेटिंग शून्य करून घालवतात. माझा आग्रह आहे की ती ठेवावी. ती छापली जात नाही, आणि घाईत कोणी फील्डवर हाताने आकडा टाईप केला तर तिथली छटा नाहीशी होते, त्यामुळे संपूर्ण मजल्यावर एकदा नजर फिरवली तरी असा ब्लॉक ओळखता येतो.

महाराष्ट्रात काम करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) कायद्याच्या २०१६ मधील व्याख्येनुसार कार्पेट एरियात सदनिकेच्या आतल्या पार्टिशन भिंतींखालची जागा धरली जाते. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, त्या सदनिकेपुरती असलेली बाल्कनी किंवा व्हरांडा आणि तशीच उघडी गच्ची मात्र वगळली जाते. त्यामुळे खोल्यांच्या ब्लॉकमधल्या आकड्यांची बेरीज म्हणजे कार्पेट एरिया नव्हे. आतल्या भिंतींची जागा तीत आलेलीच नसते. आम्ही बाहेरच्या भिंतींच्या आतल्या कडेने संपूर्ण सदनिकेची स्वतंत्र पॉलिलाइन काढतो आणि सदनिकेच्या ब्लॉकचे फील्ड तिला जोडतो. शाफ्ट मध्येच येत असेल तर रीजन (बंद हद्दीपासून बनवलेले सपाट क्षेत्र; वरचे रीजेन वेगळे) करून सबट्रॅक्टने तेवढा भाग वजा करतो, कारण रीजनचे क्षेत्रफळही फील्डमध्ये घेता येते. हे रीजन नंतर ग्रिपने हवे तसे ओढता येत नाही, ही त्यातली अडचण आहे.

दशांश स्थळांचा मुद्दा छोटा आहे, पण मंजुरीच्या तक्त्यात तो वादाचे कारण होऊ शकतो. ९.२८४, १२.३४४ आणि ७.९१४ ही क्षेत्रफळे ब्लॉकमध्ये ९.२८, १२.३४ आणि ७.९१ अशी दिसतात. दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज २९.५३ येते, तर प्रत्यक्ष बेरीज २९.५४ असते. तक्त्यात यांपैकी कोणती बेरीज द्यायची, हे ऑफिसने एकदाच ठरवून सर्व शीटवर तेच पाळावे.

एकेक खोली जोडणे कंटाळवाणे आहे, हे मान्य करावेच लागेल. टिपिकल फ्लोअरच्या (एकसारख्या मजल्यांच्या) एका प्लॅनमध्येही राइट-क्लिक आणि डायलॉगची तीच साखळी पुन्हा पुन्हा करावी लागते. पॉलिलाइन आणि ॲट्रिब्यूट दाखवले की फॅक्टरसह फील्ड बसवणारा छोटा ऑटोलिस्प (ऑटोकॅडची प्रोग्रॅमिंग भाषा) प्रोग्रॅम लिहून घेतल्यावर हा त्रास बराच कमी झाला. शिवाय फॅक्टर दर वेळी टाईप करावा लागत नसल्याने शून्यांची संख्या चुकण्याची भीतीही गेली. ऑटोकॅड एलटी ही स्वस्त, मर्यादित आवृत्ती वापरणाऱ्यांना हा मार्ग २०२४ च्या आवृत्तीपासून खुला झाला आहे. त्याआधीच्या एलटीत फील्ड हातानेच जोडावे लागते. भिंतीबरोबर हद्दही आपोआप सरकावी अशी अपेक्षा असेल, तर ऑटोकॅडच्या आर्किटेक्चर टूलसेटमधील वॉल आणि स्पेस ऑब्जेक्टकडे वळावे लागेल, पण त्यासाठी भिंती सुरुवातीपासूनच वॉल म्हणून काढलेल्या हव्यात. साध्या रेषांवर चालणाऱ्या ऑफिसला मी फील्डचीच शिफारस करीन, आणि शीट बाहेर पाठवण्यापूर्वी हद्दींचा लेअर चालू करून प्रत्येक पॉलिलाइन भिंतीला चिकटलेली आहे का, हे एका माणसाने पाहून घ्यावे असे सांगेन.