याक-५२ वर नऊ सिलिंडरांचा इंजिन मॉनिटर : एका उन्हाळ्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, कारण बरेच जण तेवढंच वाचायला येतात. रेडियल इंजिनाचं (ज्यात सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोलाकार बसवलेले असतात) विमान असेल आणि इंजिन तापतंय अशी शंका असेल, तर प्रत्येक सिलिंडरचं तापमान वेगळं दाखवणारा मॉनिटर जरूर बसवा. पण तो बसवला की दुखणं आपोआप कळेल, ही अपेक्षा ठेवू नका. हा थर्मामीटर आहे, डॉक्टर नाही. मॉनिटर कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही. नऊ सिलिंडरांसाठी असे मोजकेच प्रकार मिळतात आणि पुढे जे सांगतोय ते कुठल्याही मॉनिटरला लागू पडेल.

विमान आमचं चौघांचं, ठिकाण टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळचं एक छोटं विमानतळ. याक-५२ म्हणजे सोव्हिएत काळात शिकाऊ वैमानिकांसाठी केलेलं दोन आसनी विमान, रोमानियातल्या बकाऊच्या कारखान्यात बनलेलं. इंजिन एम-१४पी : एकाच चक्रात बसवलेले नऊ सिलिंडर, १०.१६ लिटर, ३६० अश्वशक्ती. आपल्या हवाई दलाच्या जुन्या विमानांत हार्वर्ड आणि ‘परशुराम’ नावाचं डकोटा आहे, त्यांचीही इंजिनं रेडियलच. डकोटाच्या इंजिनात मात्र सिलिंडरांच्या दोन रांगा असतात, त्यामुळे मागच्या रांगेला थंड हवा पोचवणं हा वेगळाच उद्योग होतो. आमची एकच रांग, म्हणून निदान त्या मानाने सोपं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. या विमानात मिक्स्चरचा दांडाच नसतो. उंचीप्रमाणे पेट्रोल-हवेचं प्रमाण कार्ब्युरेटर स्वतः जुळवतो. त्यामुळे इतर विमानांत इंजिन तापलं की वैमानिक पहिल्यांदा मिक्स्चर रिच करतो, म्हणजे त्यातलं पेट्रोल वाढवतो, तो उपाय इथे नाहीच. हातात राहतात ते तीनच उपाय : इंजिनापुढच्या झडपा उघडणं, पॉवर कमी करणं, नाक खाली करून वेग वाढवणं.

कारखान्याने दिलेलं गेज एकाच सिलिंडरच्या प्लगखालचं तापमान दाखवतं. या इंजिनाला १४० ते १९० अंश सेल्सियस मानवतं, २२० ही सतत चालवण्याची कमाल मर्यादा आणि २४० पर्यंत फक्त थोडा वेळ. कडक उन्हाळ्यात, बाहेर ३८ अंश असताना, चढताना आमचा काटा २२५ च्या आसपास जायला लागला. वर जाऊन सरळ उडतानाही तो पूर्वीसारखा चटकन उतरेना.

चौघांतला एक पुण्याचा. त्याचं मत ठाम होतं.

“अरे, काटा म्हातारा झालाय. इंजिनाला काही धाड भरलेली नाही.”

“मग उकळत्या पाण्यात घालून बघू.”

पाहिलं. ह्यूस्टन जवळजवळ समुद्रसपाटीवर, त्यामुळे पाणी १०० अंशांनाच उकळतं. प्लगखालची तापमान मोजणारी कडी भांड्यात सोडली आणि काटा १०० पाशीच थांबला. कुणालाही सांगेन की पैसे खर्च करण्याआधी ही चाचणी करा. फुकट आहे आणि निम्मे वाद तिथेच मिटतात. आमचा मिटला तो असा की गेज खरं बोलतंय, पण एकाच सिलिंडरबद्दल. बाकीचे आठ काय करतायत ते कुणालाच माहीत नव्हतं. मग मॉनिटर घेतला.

बसवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण दुकानदार हा भाग सांगत नाहीत. नऊ सिलिंडरांच्या डोक्यांचं तापमान आणि नऊ एग्झॉस्टचं, म्हणजे अठरा थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचे तापमान मोजणारे जोड) आणि फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीतून, आत आणायच्या तेवढ्या वायरींच्या जोड्या. प्लगखालचं तांब्याचं वॉशर काढून त्याजागी कडीवाला थर्मोकपल बसतो. वायर कमी पडली म्हणून मध्ये साधी तांब्याची वायर जोडायची नाही. थर्मोकपलला त्याच्याच धातूंची वायर लागते, नाहीतर जोडाच्या जागेचं तापमान आकड्यात मिसळतं आणि आकडा भलतंच काहीतरी सांगतो. उरलेल्या वायरीचं वेटोळं करून बांधलेलं परवडलं. एग्झॉस्टच्या नळ्यांना भोकं पाडताना सगळी भोकं सिलिंडरपासून सारख्याच अंतरावर हवीत, नाहीतर नऊ आकड्यांची एकमेकांशी तुलनाच करता येत नाही.

सगळ्या कड्या मागच्या प्लगखाली घातल्या, कारण पुढच्या प्लगवर समोरची हवा थेट आदळते आणि आकडा कमी येतो. जुन्या गेजच्या सिलिंडरवर मागची जागा अडलेली होती, तिथे नाइलाजाने कडी पुढच्या प्लगखाली गेली. त्या सिलिंडरचा आकडा पडद्यावर कायम कमीच दिसतो. पॅनेलवर तशी चिठ्ठी चिकटवली आहे.

आता मुख्य भाग. पहिल्याच उड्डाणात दिसलं की झेंगट एक नाही, तीन आहेत, आणि तिन्हींची चाल निराळी.

सगळेच नऊ सिलिंडर हवे त्यापेक्षा गरम, हे पहिलं. असं असेल तर कारण सगळ्यांना सामाईक असतं : समोरून येणारी हवा, इग्निशनचं टायमिंग किंवा कार्ब्युरेटर. आमच्याकडे ते फारच साधं निघालं. याकच्या इंजिनापुढे पडद्यासारख्या झडपा असतात आणि कॉकपिटमधल्या दांड्याने त्या उघडतात-मिटतात. दांडा ‘पूर्ण उघड्या’च्या खुणेवर होता, झडपा मात्र पूर्ण उघडत नव्हत्या. मधल्या सांध्यांत झीज होती. एकाने कॉकपिटमध्ये बसायचं, दुसऱ्याने समोर उभं राहून बघायचं. बंद इंजिनावर, अर्थातच. सांधे बदलले, सगळे आकडे खाली आले.

आठ नंबरच्या सिलिंडरने मात्र बराच घाम काढला. सरळ उडताना बाकीचे १६५ ते १८५ मध्ये आणि हा एकटा २२० च्या पुढे. पण चढताना, पूर्ण जोर दिलेला असताना, बाकीचे २०० ते २१५ आणि हा जेमतेम त्यांच्यापेक्षा दोन-चार अंश वर. म्हणजे काम जास्त असताना हा भावंडांसारखा आणि आरामात असताना तापट. त्यात जमिनीवर आयडलला इंजिन किंचित लंगडत होतं.

हँगरमध्ये पहिला सल्ला आला : प्लग बदला. हा सल्ला आपल्याकडे मोटारसायकलच्या गॅरेजातही मिळतो आणि इथेही. पण दोन प्लगांपैकी एक मेला, तर मिश्रण सावकाश जळतं. मग एग्झॉस्ट जास्त गरम होतो आणि सिलिंडरचं डोकं उलट थंड पडतं. डोकं तापतंय म्हणून प्लगवर संशय घेणं बहुतेक वेळा उलट्या दिशेने जाणं असतं. अपवाद एकच : प्लगचं चिनीमातीचं आवरण तडकलं असेल आणि तो तुकडा लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवत असेल. पण तेव्हा डोक्याचा आकडा झपाट्याने चढतो आणि एग्झॉस्टचा उतरतो. आमच्याकडे दोन्ही वर होते.

मग आठ आणि सातच्या कड्या एकमेकींच्या जागी लावल्या. ताप आठवरच राहिला. म्हणजे कडी निर्दोष, सिलिंडरच आजारी.

एम-१४पी मध्ये कार्ब्युरेटरनंतर सुपरचार्जरचा, म्हणजे मिश्रण दाबून पुढे ढकलणारा, पंखा असतो. तिथून मिश्रण नऊ नळ्यांनी नऊ सिलिंडरांकडे जातं. टेकऑफला त्या नळ्यांतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा पाऱ्याच्या सुमारे १२५ मिलिमीटरने जास्त असतो. सावकाश उडताना मात्र तो बाहेरच्यापेक्षा कमी असतो, आणि आयडलला तर खूपच कमी. आता यातल्या एखाद्या नळीचा सांधा सैल आहे असं धरा. जोर कमी असताना बाहेरची हवा आत शिरणार, तेवढ्याच सिलिंडरचं मिश्रण पातळ होणार आणि तो तापणार. पूर्ण जोर असताना मिश्रणच बाहेर फुसफुसणार, पण आत गेलेल्याचं प्रमाण बिघडत नाही, म्हणून तापमान इतरांसारखंच. आयडलला हवा इतकी शिरते की मिश्रण धड पेटत नाही, म्हणून लंगडणं. आठ नंबरची सगळी लक्षणं या एका गोष्टीत बसत होती. सुपरचार्जर नसलेल्या इंजिनात नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा कधीच जास्त होत नाही, त्यामुळे ही खूण एवढी ठळक उमटत नाही.

जमिनीवर थोडा वेळ पूर्ण जोर देऊन इंजिन बंद केलं आणि थंड झाल्यावर काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं पत्र्याचं आवरण, उतरवलं. आठ नंबरची नळी मागच्या आवरणात शिरते तिथल्या नटाखाली बोटभर निळसर डाग. आम्ही वापरतो त्या १००एलएल पेट्रोलमध्ये निळा रंग मिसळलेला असतो, त्यामुळे गळती अशी सही ठोकून जाते. नट पान्याला जवळजवळ विरोध न करता फिरला. आतली रबरी कडी बाहेर काढली तर नखाने दाबली जाईना, इतकी कडक, आणि एका बाजूला चपटी. आमचा मेकॅनिक, सत्तरीचे गृहस्थ, ती टेबलावर टाकून फक्त म्हणाले, “सगळ्या नऊ बदला. यांचं वय एकच आहे.” बदलल्या. आठ आता सरळ उडताना १८० च्या घरात असतो आणि आयडलचं लंगडणंही गेलं.

तीन नंबरची कथा छोटी आहे. तो चढताना, उतरताना, सरळ उडताना, सगळीकडे इतरांपेक्षा साधारण सारखाच गरम होता आणि एग्झॉस्टचा आकडा अगदी नॉर्मल. एग्झॉस्ट ठीक म्हणजे ज्वलन ठीक, बिघाड थंड करण्यात. सिलिंडरांच्या मध्ये पत्र्याचे बॅफल असतात. ते हवेला सिलिंडरवरच्या पातळ कडांच्या, म्हणजे फिनच्या, अगदी अंगाला घासून जायला लावतात. पत्रा फिनपासून सुटला तर हवा सोप्या वाटेने निघून जाते. आमचा पत्रा सुटलाच होता, आणि वर फिनच्या फटींत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. टेक्सासात या माश्यांना उघडी फट दिसायचा अवकाश. लाकडाच्या काडीने माती काढली. धातूने खरवडायचं नाही, फिन अॅल्युमिनियमचे असतात. पत्रा बसवून घट्ट केला. आता काउलिंगच्या तोंडाला झाकणं लावल्याशिवाय कुणी हँगर सोडत नाही.

एवढं करूनही एखादा सिलिंडर तापतच राहिला असता, तर पुढे कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्हच्या फटी तपासायच्या होत्या. ती वेळ आली नाही.

आता तक्रारी. मॉनिटरचे अलार्म सपाट (सिलिंडर आडवे, समोरासमोर असलेल्या) इंजिनांच्या हिशेबाने आणि फॅरनहाइटमध्ये लावलेले आले. ते तसेच ठेवले तर रेडियलमध्ये पहिल्या चढणीपासून कोकलत राहतात. आम्ही पिवळा २२० आणि लाल २४० सेल्सियसला लावला. ‘फार भरभर थंड होतंय’ हा अलार्म तर कलाबाजीत सतत वाजायचा, तो बंदच केला. भरभर थंड होण्याने सिलिंडर तडकतात का, यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझ्या मते रेडियलमध्ये त्याहून मोठी काळजी वेगळी आहे : खाली उतरताना पॉवर इतकी कमी करू नये की प्रोपेलरनेच इंजिन फिरवायला लागावं. मास्टर रॉडच्या, म्हणजे ज्या मुख्य दांड्याला बाकीच्या सिलिंडरांचे दांडे जोडलेले असतात त्याच्या, बेअरिंगवर तेव्हा उलटा भार येतो. झडपा वेळेवर मिटल्या आणि थोडी पॉवर ठेवली, की दोन्ही प्रश्न सुटतात.

पडदा भर उन्हात नीट दिसत नाही. नऊ पट्ट्या इतक्या बारीक आहेत की मागच्या सीटवरच्या माणसाने विचारलं तर नंबर मोजूनच सांगावा लागतो. माहिती संगणकावर उतरवायचं सॉफ्टवेअर जुनाट आहे, पण उतरवाच. उड्डाणात डोळ्यांना दिसत नाही ते आलेखात दिसतं. आठ नंबरचं चढताना आणि सरळ उडताना वेगळं वागणं आम्हाला आधी आलेखावरच लक्षात आलं.

आणि कड्या. प्रत्येक वेळी प्लग काढताना त्यांची मान वाकते आणि कधीतरी तुटते. तुटायच्या आधी आकडा उड्या मारायला लागतो, क्षणात ६०, क्षणात ३००. खऱ्या सिलिंडरचं तापमान असं उडत नाही, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. दोन-तीन जादा कड्या मॉनिटरबरोबरच मागवून ठेवा. नंतर मागवल्या तर टपालखर्चच कडीपेक्षा जास्त पडतो.