एकाच डब्यात बाबांचा ख्याल अन् पोराचे पिक्चर: यामाहा आरएक्स-व्ही३८५

आमच्याकडचं भांडण साधं. बाबांना उस्ताद अमीर खाँ ऐकायचे, तेही विलंबित, डोळे मिटून, आणि पोराला पिक्चरमध्ये सोफा हलला पाहिजे. इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या हॉलमध्ये दोन सिस्टिम ठेवायला जागा कुठेय!

महाराणी रोडवर एका दुकानात गेलो तर तो भिया पाच चिमुकले स्पीकर अन् एक ढब्बू सबवूफर गळ्यात मारायलाच बसलेला, "अंकल, बास सुनो बास." बाबा म्हणाले, अरे बाबा तानपुरा लाव. लावला, तर तानपुरा कमी अन् मधमाश्या जास्त. निघालो.

शेवटी दुसरीकडून हा यामाहाचा एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्ही अन् सगळे स्पीकर ज्याला जोडायचे तो अ‍ॅम्प, घेतला, आणि याच्याहून जास्त पैसे समोरच्या जोडीवर घातले, साडेसहा इंची वूफरवाले बुकशेल्फ स्पीकर. कारण गाण्यात काम या दोघांनाच, आणि पिक्चरमध्येही बराचसा भार हेच ओढतात. सेंटर, म्हणजे डायलॉगचा मधला स्पीकर, अजून घेतला नाही, मेनूत तो नाही असं सांगून टाकलं की डायलॉग दोन्ही फ्रंटमध्ये वाटले जातात, मधोमध बसलं तर थेट टीव्हीतून आल्यासारखे वाटतात. कडेला बसलं की नाही, अन् आईची जागा कायमची कडेला, त्यामुळे पुढची खरेदी सेंटरच.

डब्यावरच्या ७० वॅटला फार भुलू नका, तो आकडा ६ ओहमवर आणि दोनच चॅनल चालू ठेवून मोजलेला आहे. आमच्या १२ बाय १४ ला तरी पुरून उरतं.

सोबत छोटा माइक येतो, तो बसायच्या जागी कानाच्या उंचीला ठेवायचा, मग मशीन सूं-सूं आवाज काढून स्पीकरचं अंतर, लेव्हल सगळं स्वतः मोजतं. मी शहाण्याने पंखा चालूच ठेवला, आला नॉइजचा एरर. मग मे महिन्याच्या भर दुपारी पंखा बंद, सगळे घामाघूम, कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून आई ओट्यापाशी पहाऱ्याला. पण नंतर पिक्चरमध्ये फरक कळला हो. गाण्याला मात्र आम्ही डायरेक्ट मोड लावतो, सगळी प्रोसेसिंग बाजूला.

एक गोष्ट घेण्याआधीच बघा, याला प्री-आउट, म्हणजे बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल द्यायचं सॉकेट, फक्त सबवूफरचा आहे, फ्रंटचा नाही. म्हणजे पुढेमागे वेगळा स्टिरिओ अ‍ॅम्प जोडायचं मनात असेल तर आत्ताच वरचं मॉडेल बघा. बाबांना तसलं काही नको, ते हल्ली ख्याल लावायच्या आधी उठून पंखा बंद करतात, अन् आम्ही बसतो वारा घेत, वर्तमानपत्राने.