इंडोनेशियातील मशिदी : देमाक-कुदुस, इस्तिकलाल की बैतुर्रहमान?

इंडोनेशियाचा बेत आखताना बोरोबुदुर, प्रंबानन आणि बाली ही नावे आपल्याकडच्या प्रवाशांच्या यादीत आपोआप येतात. मशिदींसाठी दोन-तीन दिवस राखून ठेवणारे थोडेच असतात आणि त्यांच्यापुढे लगेच निवडीचा प्रश्न उभा राहतो, कारण पाहण्याजोग्या मशिदी एकमेकींपासून फार दूर आहेत. देमाक आणि कुदुस ही जोडी मध्य जावात आहे, इस्तिकलाल राजधानी जकार्तात आहे आणि बैतुर्रहमान सुमात्राच्या उत्तर टोकाला बांदा आचे येथे आहे. माझे मत आधीच नोंदवतो : एकाच ठिकाणी जाणे शक्य असेल तर देमाक-कुदुस निवडावे. इस्तिकलाल दुसऱ्या क्रमांकावर ठेवावी. बैतुर्रहमानची वाट मात्र ज्याला आचेचा इतिहास खरोखर जाणून घ्यायचा आहे त्यानेच धरावी.

या क्रमामागे एक कारण आहे. मशीद म्हटले की घुमट आणि मिनार डोळ्यांपुढे येतात, पण जावातील जुन्या मशिदींना या दोन्ही गोष्टी सहसा नव्हत्या. चौरस दालन, मध्यभागी चार प्रचंड लाकडी खांब आणि त्यांवर एकावर एक लहान होत गेलेले उतरते छप्पर हे तिथले मूळ रूप आहे. टप्प्याटप्प्याच्या छपरामुळे मुसळधार पाऊस चटकन ओघळतो आणि मधल्या फटींतून हवा खेळती राहते. कोकणातल्या माणसाला हा विचार समजावून सांगावा लागत नाही. नमाजाची वेळ कळवण्यासाठी बेडुग नावाचा मोठा नगारा वाजवीत आणि तो आजही अनेक मशिदींत वाजतो. घुमट या देशात सर्रास दिसू लागला तो एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतर. त्यामुळे इथल्या मशिदींचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात छपरापासून करणे योग्य ठरते, आणि ते छप्पर देमाकला आहे.

देमाक हे जावातील मजपाहित हे हिंदू-बौद्ध साम्राज्य उतरणीला लागल्यावर उत्तर किनाऱ्यावर उदयाला आलेले सुलतानांचे राज्य होते. त्याचा पहिला सुलतान राडेन पाताह याची कबर मशिदीच्या आवारातच आहे. ही मशीद वाली सोंगोंनी, म्हणजे जावात इस्लामचा प्रसार करणाऱ्या नऊ संतांनी उभारली अशी परंपरा आहे. मधल्या चार खांबांपैकी प्रत्येक खांब एकेका संताचा मानला जातो, आणि सुनान कालीजागांचा खांब तर लाकडाचे ढलपे एकत्र बांधून केला, असे सांगतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जीर्णोद्धारात जुन्या लाकडाचा बराच भाग बदलला गेला आणि मूळ खांबांचे अवशेष व वीज कोरलेले प्रसिद्ध दार आता आवारातील संग्रहालयात ठेवले आहे. म्हणून संग्रहालय वगळून नुसती मशीद पाहणे म्हणजे अर्धेच पाहणे होय.

मराठी वाचकाला सर्वांत जवळची वाटेल अशी गोष्ट मिहराबात, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्यात आहे. तिथे कासवाची एक आकृती आहे आणि ती कालसूचक समजली जाते : डोक्याचा एक, पायांचे चार, गोल पाठीचे शून्य आणि शेपटीचा एक, म्हणजे शके 1401, अर्थात इ. स. 1479. चित्रांतून आणि शब्दांतून वर्ष सांगण्याची ही रीत जावात रूढ होती आणि आपल्या पंचांगांत आजही छापला जाणारा शक हाच तिथल्या कालगणनेचा पाया होता. मध्य जावातील माताराम राज्याच्या सुलतान आगुंगने 1633 मध्ये हिजरी पद्धतीची चांद्र वर्षे स्वीकारली, तेव्हाही त्याने वर्षांचा आकडा शकाचाच पुढे चालू ठेवला. देमाकच्या मिहराबातले कासव ही सलगता एका नजरेत दाखवते आणि केवळ त्यासाठीही तिथे जाणे सार्थ आहे. आवारातला लोखंडी मिनार मात्र 1930च्या दशकातला आहे. त्याला जुन्या वास्तूचा भाग समजू नये.

देमाकपासून कुदुस मोटारीने तासाभराच्या आत येते, म्हणून या दोन्हींचा विचार एकत्रच करावा. कुदुसच्या मशिदीचा शिलालेख हिजरी 956 चा, म्हणजे 1549 चा आहे. तिच्यासमोर लाल विटांचा, सुमारे 18 मीटर उंचीचा जो मनोरा उभा आहे तो प्रथम पाहणाऱ्याला पूर्व जावातील एखादे मंदिरच वाटतो. जोत्याचे थर, मधला आकसलेला भाग, पुन्हा बाहेर येणाऱ्या कंगोऱ्यांच्या ओळी ही सारी रचना मजपाहित काळच्या मंदिरांची आहे. फक्त शिखराऐवजी वर लाकडी खांबांवर छप्पर टाकून त्याखाली बेडुग टांगला आहे आणि भिंतींत चिनी मातीच्या बशा बसवल्या आहेत. आवारात शिरताना बालीतल्यासारखी दुभंगलेली वेस लागते आणि जुन्या बांधणीचे एक दार तर थेट मशिदीच्या आत, नमाजाच्या दालनात उभे आहे.

त्या नऊ संतांपैकी एक असलेल्या सुनान कुदुस यांनी तिथल्या हिंदू जनतेच्या भावनांचा मान राखून गाय कापू नये असे सांगितले, अशी आख्यायिका आहे, आणि तिचा परिणाम आजही ताटात दिसतो. कुदुसचा प्रसिद्ध सोतो हा रस्सा परंपरेने म्हशीच्या मांसाचा करतात, गोमांसाचा नव्हे. मनोरा आणि ही प्रथा एकमेकांशेजारी ठेवून पाहिली की जावात नवा धर्म जुन्या वास्तुशैलीला आणि जुन्या श्रद्धेला सोबत घेऊन कसा रुजला, हे कोणत्याही व्याख्यानाशिवाय कळते. एक उणीव सांगणे आवश्यक आहे : कुदुसचे प्रत्यक्ष नमाजाचे दालन विसाव्या शतकात बरेच बदलले आणि पुढे घुमटही चढला, त्यामुळे लक्ष मनोरा, वेशी आणि मागील बाजूच्या सुनानांच्या कबरीकडे द्यावे.

इस्तिकलालचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. 1955 च्या खुल्या स्पर्धेत फ्रेडरिक सिलाबान यांचा आराखडा निवडला गेला. ते प्रोटेस्टंट ख्रिस्ती होते, आणि नव्या देशाच्या राष्ट्रीय मशिदीचे काम त्यांच्याकडे गेले याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. जागेवरून राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आणि उपराष्ट्राध्यक्ष हत्ता यांच्यात मतभेद होते. अखेर सुकार्नोंच्या इच्छेप्रमाणे कॅथलिक कॅथेड्रलच्या समोरची, पूर्वीच्या विल्हेल्मिना उद्यानाची जागा ठरली. पायाभरणी 1961 मध्ये झाली, मधल्या राजकीय उलथापालथीत काम रखडले आणि उद्घाटन तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या हस्ते 22 फेब्रुवारी 1978 रोजी झाले. मुख्य घुमटाचा व्यास 45 मीटर आहे आणि तो 1945 च्या स्वातंत्र्यघोषणेची आठवण म्हणून ठरवला आहे. विजापूरच्या गोल घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे 44 मीटर आहे, म्हणजे आकार जवळजवळ तोच. पण तिकडे भार जाड भिंतींवर उतरतो आणि इकडे पोलादाने मढवलेल्या बारा खांबांवर, त्यामुळे आतली जागा विलक्षण मोकळी वाटते. जाळीदार भिंतींतून वारा आरपार वाहतो. कोरीवकामाची आवड असणाऱ्याला ही वास्तू कोरडी वाटेल, परंतु आधुनिक वास्तुरचनेची ओढ असणाऱ्याने ती चुकवू नये. जकार्तात थांबणाऱ्याला त्यासाठी वेगळा दिवसही लागत नाही. कॅथेड्रल धरून अर्धा दिवस पुरतो.

बैतुर्रहमान छायाचित्रांत सर्वांत देखणी दिसते. पांढऱ्या भिंती आणि काळेभोर घुमट यांचे आकर्षण स्वाभाविक आहे, मात्र त्यामागची कथा वेदनेची आहे. आचेची जुनी मशीद 1873 च्या डच आक्रमणात जळाली आणि डच सेनापती क्योलर याच मशिदीच्या परिसरात मारला गेला. लोकांचा रोष शमवण्यासाठी डचांनी 1879 ते 1881 या काळात एका घुमटाची नवी मशीद बांधून दिली. शत्रूने बांधलेल्या त्या मशिदीत नमाज पढायला अनेक आचेवासी सुरुवातीला तयार नव्हते. 1935 मध्ये दोन घुमट वाढले आणि शतक संपेपर्यंत ते सात झाले. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत आसपासचे शहर उद्ध्वस्त झाले, पण ही मशीद टिकली आणि तिने लोकांना आसरा दिला. परक्याने दिलेली वास्तू लोकांनी अशी हळूहळू आपली केली.

वास्तुशैली म्हणून मात्र तिच्यात आपल्याला नवे थोडे सापडेल. युरोपीय अभियंत्याने मुघल वळणाचे घुमट आणि कमानी वापरून रचलेली ती इमारत आहे, आणि त्याच प्रवाहातले काम आपण मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसात पाहिलेले असते. म्हणून केवळ शैलीसाठी इतका लांबचा प्रवास मी सुचवणार नाही. आचेचे युद्ध आणि त्सुनामी समजून घेण्यासाठी, जवळच असलेल्या त्सुनामी संग्रहालयासह, अवश्य सुचवीन.

बोरोबुदुर पाहणाऱ्याला देमाक-कुदुस सर्वांत सोयीचे पडते. योग्यकार्ताहून सेमारांग मोटारीने साधारण तीन तासांवर आहे. तिथे मुक्काम केल्यास दोन्ही गावे एका दिवसात होतात. सकाळी लवकर निघून आधी देमाक करावे, कारण संग्रहालयाला वेळ लागतो, आणि दुपारनंतर कुदुसला जावे, म्हणजे उतरत्या उन्हात विटांचा मनोरा नीट पाहता येतो. शुक्रवारची दुपार चारही मशिदींत टाळावी. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे सर्वत्र हवेत. आचेत शरियत कायदा लागू असल्याने तिथे स्त्रियांनी डोके झाकण्याची ओढणी आणि सैल कपडे आधीच सोबत ठेवावेत. देमाक आणि कुदुस ही जिवंत तीर्थस्थळे आहेत, आणि कबरींजवळ यात्रेकरू मोठ्या संख्येने बसून पठण करीत असतात. तिथे छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी विचारावी.