पडीक वरकस जमीन: देशी झाडं, ऑस्ट्रेलियन बाभूळ की मियावाकी?

भांडुप-अंधेरीला छोटा कारखाना आणि मुरबाड, शहापूर किंवा कर्जतकडे गावची वरकस, म्हणजे भात न होणारी उताराची जमीन, अशी मुंबईत बरीच घरं आहेत. आजोबा तिथे नाचणी-वरी करायचे. आता ती पडीक आहे. तिथे झाडं लावून कारखान्याच्या कार्बनची भरपाई करायचा विचार असेल, तर आधी हिशेब करा. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो; त्यात निव्वळ कार्बन पाऊण किलोच्या आसपास. सुक्या लाकडात निम्मं वजन कार्बनचं. म्हणजे जनरेटरमध्ये हजार लिटर डिझेल जाळलंत, तर बदल्यात मुळांसकट जवळपास दीड टन सुकं लाकूड तयार व्हायला हवं, आणि ते उभंच राहायला हवं. म्हणून पहिला रुपया डिझेल कमी करण्यावर घाला. उरेल त्याची भरपाई झाडांनी.

ऑस्ट्रेलियन बाभूळ झपाट्याने वाढते, गुरं तिला तोंड लावत नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत आकडे तिच्याच बाजूने दिसतील. पण बहुतेक लोक ती तोडण्यासाठीच लावतात, आणि सरपण म्हणून चुलीत गेली की सगळा कार्बन परत हवेत.

ऐन, किंजळ, बेहडा, हिरडा, मोह, कोशिंब ही देशी झाडं सावकाश वाढतात. पहिली दोन-तीन वर्षं वर फारसं दिसतही नाही. पण ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ हे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, तोडायला परवानगी लागते. लाकूड विकणाऱ्याला ही कटकट वाटेल. तुमच्यासाठी तीच हमी आहे. शिवाय मोहाची फुलं, हिरडे-बेहडे गावातली माणसं वेचतात. ज्यांना रानातून काही मिळतं, तेच वणवा विझवायला धावतात.

एक कळकळीची विनंती: खड्डे खणण्याआधी एक पावसाळा जमीन नुसती बघा. वरकसावर ऐन-किंजळाचे जुने खुंट असतात. राब भाजण्यासाठी, म्हणजे रोपं पेरायची जागा पाला-फांद्या जाळून तयार करण्यासाठी, वर्षानुवर्षं फांद्या तोडल्याने ते बुटके राहिलेत, मेलेले नाहीत. चराई आणि वणवा थांबला की त्यांना धुमारे फुटतात, आणि जुन्या मुळांच्या जोरावर ते नर्सरीच्या रोपाला सहज मागे टाकतात. प्रत्येक खुंटावर दोन-तीन सरळ धुमारे ठेवा, बाकीचे छाटा. रोपं फक्त मोकळ्या जागी लावा.

खरा खर्च राखणीचा. दिवाळीनंतर गवत वाळतं, तेव्हा जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे गवत काढलेले पट्टे, काढायला हव्यात. फेब्रुवारी ते मे गावातलाच माणूस पगारावर हवा. निदान दहा वर्षांची ही तरतूद जमत नसेल, तर हजार रोपांऐवजी शंभर खुंट राखा.

मियावाकी म्हणजे छोट्या जागेत देशी झाडांची दाट लागवड करण्याची जपानी पद्धत; तिच्यात चौरस मीटरला तीन-चार रोपं लागतात. मुंबईतल्या मोकळ्या भूखंडावर सावली आणि पाखरांसाठी ती जरूर करा. पण कारखान्याच्या कार्बनपुढे तेवढी जागा फार अपुरी पडते.

आणि जिथे अजून कुणी भात लावतंय, ते खाचर सोडून द्या. तुमच्या नावावर सातबारा असला तरी.