वायफाय स्कॅनरच्या खरेदीत झालेली फसवणूक : जुने दप्तर स्कॅन करू पाहणाऱ्यांसाठी

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूर भागातील असंख्य घरांत पाणी शिरले आणि धान्य-कपड्यांबरोबर ट्रंकेतली कागदपत्रेही भिजली. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढले. त्यानंतर आमच्याकडे अनेक कुटुंबांनी जुने दप्तर स्कॅन करून ठेवण्याचे मनावर घेतले. आमच्या घरीही आजोबांच्या काळातली खरेदीखते, वाटणीपत्र, फेरफारांच्या नकला, विकास सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या आणि काही मोडी कागद होते, आणि त्यांच्यासाठी आम्ही एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरून छोटा वायफाय स्कॅनर मागवला. त्या खरेदीत विक्रेत्याने आम्हाला कसे फसवले, ते इतरांना उपयोगी पडावे म्हणून तपशिलाने लिहीत आहे.

जाहिरातीत यंत्र पिशवीत मावणारे, बॅटरीवर चालणारे आणि मोबाइलला बिनतारी जोडले जाणारे होते, आणि तेवढे खरेही निघाले. त्यापुढचे दावे मात्र असे होते : १२०० डीपीआयची, म्हणजे दर इंचाला १२०० बिंदूंची, स्पष्टता, जीर्ण कागदही सुरक्षित, मराठी मजकूर ओळखणारे सॉफ्टवेअर कायमचे मोफत, आणि स्कॅन केलेली प्रत न्यायालयात मूळ कागदाइतकीच ग्राह्य. यातला शेवटचा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यावर विसंबून एखादा माणूस मूळ खरेदीखत निष्काळजीपणे ठेवेल किंवा टाकूनही देईल. घरी काढलेले स्कॅन ही केवळ प्रत असते आणि मूळ दस्त जपावाच लागतो. सातबाऱ्याची कायदेशीर ग्राह्य डिजिटल प्रत हवी असेल, तर राज्य शासनाच्या जमीन नोंदींच्या महाभूमी या संकेतस्थळावर १५ रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळतो. त्याची जागा कोणताही स्कॅनर घेऊ शकत नाही.

यंत्र आल्यावर आम्ही त्यात आधी वर्तमानपत्राचे तुकडे आणि वीजबिले घातली. ३०० डीपीआयवर ए-४ आकाराच्या पानाचे चित्र साधारण २४८० बाय ३५०८ बिंदूंचे होते, आणि १२०० वर ते ९९२१ बाय १४०३१ च्या आसपास जाते. फाइल खरोखरच तेवढी मोठी येत होती, त्यामुळे केवळ आकडे पाहणाऱ्याला शंका येणार नाही. परंतु १२०० वर यंत्राला त्याच पानाच्या चौपट ओळी वाचाव्या लागतात, म्हणून कागद स्पष्टपणे सावकाश सरकायला हवा. येथे दोन्ही वेळा तो एकाच वेगाने बाहेर पडत होता. मग ३०० वर घेतलेले चित्र संगणकावर चौपट मोठे केले आणि १२०० च्या चित्राशेजारी ठेवून बिलावरच्या बारीक अक्षरांच्या कडा पाहिल्या, तर दोन्हींत तसूभर फरक नव्हता. यंत्राचा संवेदक, म्हणजे कागदावरचे चित्र टिपणारा भाग, ३०० डीपीआयचाच होता आणि उरलेले बिंदू सॉफ्टवेअर अंदाजाने भरत होते. साध्या छापील कागदाला ३०० पुरेसे असतात हे मान्य आहे, पण उडालेली शाई, मोडीतली नाजूक वळणे आणि शिक्क्यांवरच्या पुसट तारखा यांसाठी खरे ६०० असले तर फार फरक पडतो, आणि आम्ही पैसे त्यासाठीच मोजले होते.

जीर्ण कागदाविषयीचा दावाही असाच निघाला. या प्रकारच्या यंत्रात कागद रबरी रुळांमधून ओढला जातो. घडीवर विरलेला कागद त्यात घालणे म्हणजे तो फाटायला देणे होय. जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा आत अडकून चिरला गेल्यावर आम्ही आमचा एकही दस्त त्यात घातला नाही. अशा कागदांना सपाट काचेचा स्कॅनरच योग्य. ‘कायमचे मोफत’ मराठी सॉफ्टवेअर पहिल्या काही पानांनंतर वर्गणी मागू लागले, आणि त्याआधीची पाने ते विक्रेत्याच्या सर्व्हरवर पाठवत होते. वास्तविक छापील मराठी ओळखणारे टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आपल्याच संगणकावर, इंटरनेटशिवाय चालते.

खरा धक्का यापुढे बसला. स्कॅनर केबलने संगणकाला जोडला तेव्हा आतल्या मेमरी कार्डावर आमच्या बिलांखेरीज आणखी एक फोल्डर दिसला, आणि त्यात कोणा अनोळखी कुटुंबाचे बँकेचे पासबुक, आधार कार्ड आणि एका करारनाम्याची पाने होती. नवे म्हणून विकलेले यंत्र आधी कोणीतरी वापरून परत केलेले होते, आणि विक्रेत्याने कार्ड पुसण्याचेही कष्ट न घेता ते पुन्हा खोक्यात भरले होते. त्या कुटुंबाने परत करताना आपली कागदपत्रे आत राहिली आहेत हे ओळखले नसणार. पुस्तिकेत छापलेला वायफायचा पासवर्ड १२३४५६७८ होता आणि तो बदलण्याची सोयच नव्हती, म्हणजे शेजारच्या कोणालाही ते कार्ड वाचता आले असते.

तक्रार केल्यावर विक्रेता लगेच म्हणाला की यंत्र कार्डासह परत पाठवा, मग पैसे देऊ. आम्ही कार्ड देण्यास लेखी नकार दिला, आणि ही गोष्ट मी सर्वांना आग्रहाने सांगेन, कारण नुसते फॉरमॅट केलेल्या कार्डावरून फाइली बऱ्याचदा परत मिळवता येतात. पुढे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि बाजारपेठेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही लिहिले. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. पत्रात या नियमाचा उल्लेख केल्यावर उत्तरांचा सूर बदलला. आमचा सर्वांत भक्कम पुरावा यंत्राच्या तळाशीच होता. स्कॅनरला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची असून त्यावर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक छापावा लागतो. आमच्या यंत्रावरचा क्रमांक ब्यूरोच्याच बीआयएस केअर या अॅपमध्ये टाकला, तर तो भलत्याच उत्पादनाचा निघाला. त्याचे छायाचित्र पाठवल्यानंतर बाजारपेठेने पूर्ण रक्कम परत केली आणि कार्ड मागितले नाही.

त्या विक्रेत्याचे नाव आता तेथे दिसत नाही. परंतु तेच यंत्र, तीच छायाचित्रे आणि ‘न्यायालयात ग्राह्य’ हेच शब्द घेऊन दुसऱ्या नावाने विक्री सुरू झाली आहे. तेथील ग्राहकांच्या जुन्या अभिप्रायांपैकी कित्येक तर मोबाइलच्या कव्हरविषयीचे आहेत, म्हणजे आधीच्या उत्पादनाच्या पानावरच नवे उत्पादन चढवले आहे. या नव्या नावाविषयीही आम्ही तक्रार नोंदवली आहे, आणि ज्यांच्याकडे असे यंत्र आले असेल त्यांनी ते परत पाठवण्यापूर्वी आतले कार्ड काढून पाहावे.