बॅटरी सारखी उतरते: नवी घ्यावी की आधी दोष शोधावा?

गाडीची बॅटरी वरचेवर उतरायला लागली की दोन वाटा असतात: नवी बसवून मोकळं व्हायचं, नाहीतर ती का उतरते ते आधी शोधायचं. पहिलं काम झटपट उरकतं, म्हणून कल तिकडेच असतो. पण मल्टीमीटर (व्होल्ट आणि करंट मोजणारा मीटर) लावल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. दोष गाडीत असेल तर तो नव्या बॅटरीचीही वाट लावतो. गाडीतली नेहमीची लेड-ॲसिड बॅटरी वारंवार पूर्ण उतरली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो आणि गेलेली क्षमता सहसा परत येत नाही.

बॅटरीच गेली असेल तर ते लवकर कळतं. पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवा. मीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. ते टिकत नसेल, किंवा सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली कोसळत असेल आणि बॅटरी चार-पाच वर्षांची असेल, तर खुशाल नवी घ्या. त्याआधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी मात्र साफ करून क्लॅम्प घट्ट करा.

इंजिन सुरू असताना साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळायला हवेत. 12.5 च्या वर काटा हलतच नसेल तर अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारं जनित्र), त्याचा बेल्ट किंवा वायरिंगकडे बघा. नव्या गाड्यांत चार्जिंग संगणक कमीजास्त करतो, म्हणून हेडलाइट लावून पुन्हा मोजा.

खरी चिकाटी लागते ती बंद गाडीतली करंटची गळती शोधायला. बंद गाडीही घड्याळ आणि अलार्मसाठी थोडा करंट घेतेच. साधारण 50 मिलिअँपिअरपर्यंत काळजी नाही. तोच 400 झाला तर दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास जातात, म्हणजे 60 अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत निम्म्यावर येते. मोजण्यासाठी निगेटिव्ह केबल काढून ती आणि बॅटरीचं टर्मिनल यांच्यामध्ये करंट मोजायला लावलेला मीटर जोडा, गाडी लॉक करा आणि अर्धा-पाऊण तास थांबा, कारण आतली यंत्रणा झोपायला वेळ घेते. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, त्याचा फ्यूज जाईल. मग एकेक फ्यूज काढत जा; ज्याच्यासरशी आकडा खाली येईल, दोष त्याच सर्किटमध्ये. डिकीतला दिवा आणि बाहेरून बसवलेला डॅशकॅम आधी तपासा.

रोजचा प्रवास जेमतेम पाच-दहा मिनिटांचा असेल, तर तेवढ्यात बॅटरी पुरती चार्ज होत नाही; मग नवी बॅटरी आणि दुरुस्ती हे दोन्ही खर्च टाळून आठवड्यातून एकदा चार्जर लावून बघा.

मीटर नसेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर निगेटिव्ह केबल काढून ठेवा. घड्याळ-रेडिओचं सेटिंग जाईल, तेवढंच. सकाळी गाडी दणक्यात सुरू झाली, तर गळतीचा किंवा चार्जिंगच्या दोषाचा संशय घ्या. तरीही बॅटरी बसलेली असेल, तर ती बदला.