पिरनवाडीच्या पुढचा भरती क्लास: गुरुवारी मैदानावर येऊ न देणारे सर

मुलगा अग्निवीरची तयारी करतोय. बेळगावजवळची पिरनवाडी ओलांडल्यावर खानापूर रस्त्याच्या बाजूला एका माळावर मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेले हवालदार सर क्लास घेतात, तिथं तो जातो. किणये, जांबोटी भागातल्या आया मला या क्लासबद्दल विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते. मी नर्स आहे. रॅलीची, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीची, तारीख आली की दवाखान्यात नडगी धरून, टाच धरून येणारी पोरं बघते. त्यामुळे किती पोरं लागली यापेक्षा पोरं रॅलीपर्यंत धड पोचतात का, हे मी आधी बघितलं.

फी महिन्याला दीड हजार. मैदान साधंच आहे, चुन्यानं आखलेला ट्रॅक, पुल-अप्स काढायला चार बीम, नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅगची लाकडी पट्टी. यापेक्षा चकचकीत क्लास बेळगावात आहेत. इथलं वेगळेपण फळ्यावरच्या वेळापत्रकात आहे. सोमवारी सावकाश लांब पळणं, मंगळवारी बीम, बुधवारी 400 मीटरचे राऊंड. गुरुवारी काही नाही. रविवारीही नाही. दर चौथ्या आठवड्यात पळणं निम्म्यावर येतं. 1.6 किलोमीटरची घड्याळ लावून ट्रायल पंधरवड्यातून एकदाच.

या ट्रायलवरून पालक भांडतात. दुसरीकडे रोज ट्रायल असते, मग इथंच का नाही? रॅलीत पहिल्या ग्रुपात, म्हणजे सगळ्यात जास्त गुणांच्या गटात, यायला हे अंतर साडेपाच मिनिटांत पळावं लागतं, म्हणजे 400 मीटरचा प्रत्येक राऊंड साडेब्याऐंशी सेकंदांत मारायचा. एवढा जोर रोज लावला तर शरीराला भरून यायला वेळ कधी मिळणार? पळताना स्नायू झिजतो आणि त्याची दुरुस्ती नंतर, खाल्ल्या-झोपल्यावर होते. हाडाचं तर अजून अवघड आहे. भार एकदम वाढला की हाड आधी जुना भाग पोखरून काढतं आणि नवा भाग मागाहून भरतं. मधल्या काही आठवड्यांत ते उलट कच्चं असतं. पोराचा दम वाढलेला, उत्साह वाढलेला आणि नडगीचं हाड कच्चं, अशा वेळीच बारीक तडा जातो. 2023 पासून लेखी परीक्षा आधी आणि रॅली नंतर झाली. निकालात नाव दिसलं की पोरं घाबरून पळणं दुप्पट करतात, आणि नेमका तोच काळ धोक्याचा.

सरांना ही भाषा येत नसेल, पण ते बरोबर तेच करतात. प्रत्येक पोराकडे वही आहे. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, पूर्ण मिनिटभर नाडी मोजायची आणि लिहायची. झोप किती झाली तेही लिहायचं. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त आणि तेही सलग दोन-तीन दिवस असले, तर त्या दिवशी पळणं बंद, फक्त चालणं. नाडी तापानं, जागरणानंही वाढते, म्हणून सर आधी विचारपूस करतात. महिन्याला पालकांना बोलावतात तेव्हाही टाइमिंगचं कमी आणि घरचंच जास्त विचारतात. "सिस्टर, घरात चिडतोय काय? जेवण कमी झालंय काय? पाठ टेकल्यावर झोप लागते की नाही?" मला हे फार आवडलं. जास्त व्यायामाचा त्रास ओळखायला एकच अशी रक्ताची तपासणी नाही. तो आधी स्वभावात, भुकेत, झोपेत दिसतो, सारख्या सर्दी-खोकल्यात दिसतो. हे आईला दिसतं, स्टॉपवॉचला नाही.

खानापूरकडच्या एका पोराचं सांगते. 1.6 किलोमीटरला 5 मिनिटं 40 सेकंदांवर होता, वेळ वाढत वाढत 5:58 वर गेली. संध्याकाळी गावाकडच्या रस्त्यावर तो चोरून अजून पळत होता. वहीत नाडी 58 ची 68 झालेली. सरांनी ओरडा न करता त्याला पळण्यातून काढलं आणि नडगीवर बोटानं दाबून बघितलं. हे प्रत्येक घरात माहीत हवं: आतल्या कडेनं लांबवर दुखत असेल तर बहुतेक वेळा ताण असतो. एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ आली, किंवा रात्री पडल्या जागी ठणकलं, तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय एक राऊंडही नको. सुरुवातीचा तडा एक्सरेत दिसेलच असंही नाही. या पोराचं हाड ठीक होतं, हिमोग्लोबिन मात्र कमी निघालं. गोळ्या, जेवण आणि काही आठवडे नुसतं चालणं. आता तो पुन्हा 5:40 च्या आसपास आहे. पहिल्या ग्रुपात अजून नाही, पण पळतोय.

शिक्षेच्या बैठका इथं नाहीत, हेही लिहायलाच हवं. सवय नसलेल्या पोराला एका दमात शेकड्यांनी बैठका काढायला लावल्या तर स्नायू फुटून त्याचा अंश मूत्रपिंडात जातो आणि लघवी चहासारखी काळपट होते. तसं दिसलं तर घरी थांबू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. तालमीतसुद्धा मेहनतीच्या मागोमाग मालीश आणि दुपारची झोप असते. भरतीच्या पोरांना मात्र मेहनत तेवढी दिली जाते.

आता खटकणाऱ्या गोष्टी. तुकडी पाचला सुरू होते. जांबोटीच्या पलीकडून येणारी पोरं साडेतीनला उठतात. या वयात आठ-नऊ तास झोप लागते. वहीत झोप लिहायला लावायची आणि वेळ अशी ठेवायची, हे जुळत नाही. साडेसहाची दुसरी तुकडी काढतो म्हणाले, अजून काढलेली नाही. खाण्याचा तक्ता सगळा अंडी-चिकनचा आहे. आमच्या भागात माळकरी घरं कमी नाहीत. त्यांच्यासाठी नाचणीची भाकरी, हुलगे, शेंगदाणे, दूध, उसळ असा तक्ता करायला काय हरकत आहे? मी एक लिहून दिलाय, तो अजून भिंतीवर लागलेला नाही.

मुलींच्या बाबतीत मात्र माझी खरी तक्रार आहे. आठ-दहा मुली येतात, त्यांच्या वहीत पाळीचा रकानाच नाही. पळणं वाढलं आणि जेवण पुरेनासं झालं की पाळी चुकते. तीन महिने आली नाही तर हाडं ठिसूळ होण्याची भीती असते. सरांना विचारायला संकोच वाटतो हे मी समजू शकते, पण मग त्यासाठी एक बाई ठेवावी. तोवर मुलीच्या आईनं स्वतः घरी कॅलेंडरवर खूण करून ठेवावी.

नाव घालायचं असेल तर पावसाळा संपल्यावर घाला. जून ते सप्टेंबर इकडे माळावर चिखल असतो, तेव्हा पोरं डांबरी रस्त्यावर पळतात आणि नडग्यांना ते बाधतं. पहिल्या महिन्यात सर फार कमी पळवतात, त्यावर वाद घालू नका. आणि गुरुवारी पोरगं घरी बसलं म्हणून त्याला शेतात कामाला लावू नका. ती सुट्टीसुद्धा फीमध्येच धरलेली आहे.